शिकवायला आफ्रिकेत जायचे आहे?



डी.एड., बी.एड. झालेली आपली मुले-मुली अलीकडे एक नवाच प्रश्न विचारू लागली आहेत. "आफ्रिकेतल्या खेड्यात शिकवायला जायचे आहे. स्वयंसेवक म्हणून. जावे का?"

ढाणकी हे गाव उमरखेड तालुक्यातले. पैनगंगा ओलांडली की नांदेड जिल्हा. इथल्या पोरापोरींच्या तोंडी हा प्रश्न यावा, याचा आधी आनंद मानला पाहिजे. ज्यांच्या पणजोबाला वर्गाबाहेर बसून अक्षरे ऐकावी लागली, त्यांची पतवंडे दुसऱ्या खंडातल्या लेकरांना शिकवण्याची गोष्ट बोलतात, ही काही लहान बाब नव्हे.

पण आनंद मानून प्रश्न सुटत नाही. आई विचारते, "तिथं खाशील काय?" बाप विचारतो, "पगार किती?" आणि मोबाईलवर जाहिरात झळकते की दोन आठवडे आफ्रिकेत शिकवा, प्रमाणपत्र मिळवा, आधी अमुक इतके पैसे भरा. तेव्हा या विषयाचा शांतपणे विचार केला पाहिजे. आजचे सदर त्यासाठीच.

आधी कोण गेले, काय केले?

परक्या देशात शिकवायला जाण्याची रीत जुनी आहे. ब्रिटनमध्ये १९५८ साली 'व्ही.एस.ओ.' ही संस्था निघाली. सुरुवातीला ती शाळा संपवलेली अठरा वर्षांची मुले परदेशी पाठवीत असे. पुढे तिच्या ध्यानात आले की नुसत्या उत्साहाने भागत नाही. मग शिकलेली, कामाचा अनुभव असलेली माणसे ती निवडू लागली. अमेरिकेने १९६१ मध्ये 'पीस कोअर' काढली. तिचे तरुण १९७६ पर्यंत आपल्या भारतातही येत होते. म्हणजे एके काळी 'मागासलेले खेडे' आपणच होतो आणि बाहेरची मुले आपल्याकडे येत होती, हे विसरू नये. संयुक्त राष्ट्रांनी १९७० साली स्वतःचा स्वयंसेवक कार्यक्रम सुरू केला. तो आजही चालतो.

भारतीय शिक्षकही आफ्रिकेत गेले आहेत. इथिओपियाच्या सम्राट हेले सेलासी यांच्या काळात तिथल्या शाळांत मोठ्या संख्येने भारतीय शिक्षक होते. त्यांत केरळचे सर्वांत जास्त. राजधानीपासून लांबच्या गावांतही ते राहिले आणि गणित, विज्ञान, इंग्रजी शिकवले. त्यांच्या हाताखाली शिकलेली इथिओपियन माणसे पुढे अनेक वर्षे त्यांची आठवण काढीत राहिली. मात्र एक गोष्ट लक्षात घ्या. ते पगारी शिक्षक होते, करारावर गेले होते आणि वर्षानुवर्षे राहिले. ते दोन आठवड्यांचे पाहुणे नव्हते.

मुंबईच्या वस्तीतून झांबियाच्या खेड्यात

आता आपल्या महाराष्ट्रातली गोष्ट सांगतो, कारण या विषयात शिकण्यासारखे सर्वांत जास्त तिच्यातच आहे.

माधव चव्हाण हे कामगार चळवळीतले नेते यशवंत चव्हाण यांचे चिरंजीव. अमेरिकेत त्यांनी रसायनशास्त्राची डॉक्टरेट केली आणि परत येऊन मुंबईत प्राध्यापकी केली. १९८९ नंतर साक्षरतेच्या कामात ते पडले. १९९५ साली फरीदा लांबे यांच्यासह त्यांनी मुंबईत 'प्रथम' ही संस्था उभी केली. झोपडपट्टीतली लहान मुले शिकावीत हा हेतू. इमारत नाही, मोठे वेतन नाही. वस्तीतल्याच शिकलेल्या मुली पुढे आल्या. कुणाच्या घरची खोली, कुठले देऊळ, कुठले कार्यालय, जिथे जागा मिळेल तिथे बालवाड्या भरल्या.

पुढे शाळेत मागे पडलेल्या मुलांसाठी 'बालसखी' नेमल्या गेल्या. बालसखी म्हणजे त्याच वस्तीतली, शालेय शिक्षण झालेली मुलगी. तिला सुमारे दोन आठवड्यांचे प्रशिक्षण दिले जाई. तिसरी-चौथीत असूनही ज्यांना वाचता येत नाही अशी पंधरा-वीस मुले ती वर्गातून बाजूला घेई आणि शाळेच्या वेळेतच रोज दोन तास अगदी पहिल्या पायरीपासून शिकवी. मानधन थोडके. मुंबई आणि बडोदा इथे २००१ ते २००३ या काळात अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कामाची कसून तपासणी केली. बालसखी असलेल्या शाळांतली मुले पुढे गेली आणि सर्वांत मागची मुले सर्वांत जास्त पुढे गेली. या दोघांना मायकेल क्रेमर यांच्यासह २०१९ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. गरिबी हटवण्याच्या उपायांची अशी प्रत्यक्ष तपासणी करण्याच्या त्यांच्या पद्धतीसाठी ते होते.

या पद्धतीचे गुपित काय? गुपित असे काहीच नाही. प्रत्येक लेकराला जवळ बसवून एकेकट्याची तोंडी परीक्षा घ्यायची. अक्षर ओळखतो का? शब्द वाचतो का? चार ओळींचा उतारा? गोष्ट? मग इयत्ता आणि वय बाजूला ठेवून, ज्याला जिथपर्यंत येते त्या पायरीवर गट पाडायचे. पाचवीतला मुलगा अक्षरावर अडला असेल तर तो अक्षरांच्या गटात बसेल. त्यात लाज नाही. बाराखडीचा तक्ता, गोष्टीची कार्डे, आकडे शिकवायला काड्यांच्या मोळ्या, खोट्या नोटा. रोज तास-दोन तास. थोड्या दिवसांनी पुन्हा परीक्षा आणि पुढच्या गटात बढती.

हीच पद्धत आफ्रिकेत गेली. घानामध्ये २०१० ते २०१३ या काळात सरकारी शाळांत स्थानिक तरुणांना सहाय्यक नेमून ती करून पाहिली गेली. झांबियाच्या शिक्षण मंत्रालयाने २०१६ मध्ये पूर्व आणि दक्षिण प्रांतांतल्या ८० शाळांपासून सुरुवात केली आणि पुढे ती शेकडो शाळांत नेली. बोट्सवानामध्ये राष्ट्रीय सेवेत आलेले तिथलेच तरुण शाळांत जाऊन ती चालवतात. केनिया, टांझानिया आणि युगांडा इथे २००९ पासून 'उवेझो' नावाची पाहणी सुरू झाली. स्वाहिली भाषेत उवेझो म्हणजे क्षमता. घरोघर जाऊन लेकरांना वाचता येते का ते पाहायचे, ही कल्पना 'प्रथम'च्या 'असर' पाहणीवरून घेतलेली. 'असर' आपल्याकडे २००५ मध्ये सुरू झाली. २०१९ साली 'प्रथम' आणि 'जे-पाल' या संशोधन संस्थेने मिळून आफ्रिकेसाठी स्वतंत्र उपक्रमच उभा केला.

मग आपली माणसे तिथे काय करतात?

इथे खरा मुद्दा येतो. झांबियाच्या खेड्यात अक्षर शिकवायला भारतातून शिक्षक गेले नाहीत. ते काम तिथल्याच शिक्षकांनी केले. कारण साधे आहे. पूर्व प्रांतातले लेकरू चिन्यांजा बोलते, दक्षिणेतले चिटोंगा. ज्याला त्या भाषेत गोष्ट सांगता येत नाही, गाणे म्हणता येत नाही, लेकरू हसले तर का हसले ते कळत नाही, तो पहिली-दुसरीच्या पायरीवर काय शिकवणार?

यात आपल्याला समजायला अवघड काही नाही. ढाणकीच्या आसपास बंजारा तांडे आहेत, आंध बांधवांच्या वस्त्या आहेत. तांड्यावरचे लेकरू घरी गोरमाटी बोलते. जिल्ह्यात कोलाम पोडांवरचे लेकरू कोलामी बोलते. शाळेत पहिल्या दिवशी मराठी कानावर पडते आणि ते मुके होऊन बसते. गुरुजी म्हणतात, 'मंद आहे.' मंद नाही हो, भाषा परकी आहे! आपल्या तालुक्यातच जर हे असे, तर सात समुद्रापार गेलेल्या गुरुजीचे काय होईल याचा विचार करा.

म्हणून भारतातून गेलेल्या अनुभवी लोकांचे काम वेगळे होते. तिथल्या प्रशिक्षकांच्या सोबत बसायचे, वर्ग पाहायचे, कुठे अडते ते शोधायचे. बाराखडीचेच घ्या. तिथल्या या भाषांत स्वर पाच. म्हणून 'म'ची बाराखडी होत नाही. मा, मे, मी, मो, मू एवढ्यावर ती संपते. तक्ता नव्याने त्यांच्या भाषेत बांधावा लागतो. तो त्यांनीच बांधायचा, आपण फक्त आपली रीत सांगायची.

आणि 'प्रथम'चा एक नियम मला फार मोलाचा वाटतो. जो दुसऱ्या शिक्षकांना शिकवणार, त्याने आधी स्वतः खऱ्या मुलांचा वर्ग काही दिवस रोज घेतला पाहिजे. नुसते भाषण चालत नाही. ज्याने स्वतः लेकराला वाचते केले नाही, त्याला दुसऱ्याला सांगण्याचा अधिकार नाही.

मोठ्या वर्गांची गोष्ट वेगळी. झांबिया, घाना, केनिया, युगांडा इथे वरच्या इयत्तांना इंग्रजी माध्यम आहे. गणित-विज्ञान उत्तम येत असेल, इंग्रजी सफाईने बोलता येत असेल, तर तिथे आपला माणूस उपयोगी पडू शकतो. इथिओपियात गेलेल्या शिक्षकांनी हेच केले.

सेवा आणि वेठ

आता पैशाचे बोलू. आपल्याकडे पैशाचे बोलायला लाजतात. लाजू नये.

आपल्या आजोबा-पणजोबांनी पिढ्यान्‌पिढ्या फुकट काम केले आहे. त्याला कोणी 'स्वयंसेवा' म्हटले नाही. ती वेठ होती. म्हणून आपल्या मुलामुलींना 'फुकट काम करा, त्यातच समाधान माना' असे कोणी सांगितले की कान टवकारले पाहिजेत. सेवा आणि वेठ यांतला फरक ओळखायला सोपा आहे. सेवेला मुदत असते, पोटाची व राहण्याची सोय असते, आजारपणाची जबाबदारी कोणीतरी घेतलेली असते आणि नको वाटले तर परत येण्याची मोकळीक असते. वेठीत यांतले काहीच नसते.

घानाचा अनुभवही हेच सांगतो. तिथे सहाय्यक तरुणांनी शिकवलेली मुले पुढे गेली, पण त्या तरुणांचे मानधन वेळेवर मिळेना आणि कामावर त्याचा परिणाम झाला. पोट मारून कोणी फार दिवस शिकवू शकत नाही.

इथे आपल्या घरातले दुःखही सांगितले पाहिजे. महाराष्ट्रात कितीतरी वर्षे शिक्षक भरती अडून राहिली. अभियोग्यता चाचणी २०१७ च्या डिसेंबरात झाली, त्यानंतरची थेट २०२३ मध्ये. प्राथमिक शिक्षणसेवकाचे मानधन २०२३ पर्यंत महिना सहा हजार होते. मग ते सोळा हजार झाले. एकर-दोन एकर कपाशीच्या जिवावर, कर्ज काढून ज्या आईबापाने पोराला डी.एड. केले, त्यांच्या घरात 'स्वयंसेवक' हा शब्द जड वाटतो, यात त्यांचा दोष नाही. तेव्हा मुलांनो, घरचे कर्ज, धाकट्या बहिणीचे शिक्षण, आईचे औषध यांचा हिशेब आधी कागदावर मांडा. एक-दोन वर्षे घर तुमच्याशिवाय चालेल का? चालत असेल तर पुढचे बोला. चालत नसेल तर थांबण्यात कमीपणा नाही.

फसू नका

ज्या कामासाठी आपणच पैसे भरायचे आणि दोन आठवड्यांत परत यायचे, ती सेवा नव्हे, ती सहल. सहल करायला हरकत नाही, पण तिला सहलच म्हणावे. दर पंधरवड्याला नवा गुरुजी येतो, फोटो काढतो आणि जातो. लेकरांना त्याचा लळा लागलेला असतो. त्या लेकरांचे काय, हे कोणी विचारत नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या स्वयंसेवक कार्यक्रमात अर्ज करायला पैसे लागत नाहीत. निवड झाली तर प्रवासखर्च, राहण्या-जेवणापुरता भत्ता आणि विमा मिळतो. अठरा ते सव्वीस वयाच्या तरुणांसाठी वेगळा वर्ग आहे. मात्र वर्गात उभे राहून शिकवण्याच्या जागा त्यात थोड्या. शिक्षण, आरोग्य, निर्वासितांची मदत अशा कामांच्या जागा जास्त. 'अमुक रक्कम द्या, संयुक्त राष्ट्रांत लावून देतो' असे कोणी म्हणाला, तर तो ठग समजावा.

नोकरीसाठी परदेशी पाठवणाऱ्या एजंटाला १९८३ च्या कायद्याने सरकारी नोंदणी घ्यावी लागते. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' या संकेतस्थळावर नोंदणी असलेल्या एजंटांची यादी पाहता येते. ती पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. पर्यटक व्हिसावर काम करायला कोणी सांगत असेल तर जाऊ नये. पकडले जाल तुम्ही, तो नाही. आफ्रिकेतल्या बऱ्याच देशांसाठी पीतज्वराची लस घ्यावी लागते. ती सरकारमान्य केंद्रावर, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी घ्यायची आणि तिचे प्रमाणपत्र परत येतानाही जवळ ठेवायचे. नाहीतर आपल्याच विमानतळावरून घरी न जाता अलगीकरणात जावे लागेल. मलेरिया तिथे फार. डॉक्टरांना विचारून गोळ्या आणि मच्छरदाणी न्यावी.

मुलगी जायचे म्हणत असेल तर 'मुलगी आहेस' एवढ्यावर दार लावू नका. बालसखी मुलीच होत्या. मात्र विचारा: राहायची जागा कोणती? सोबत कोण? संस्थेचा जबाबदार माणूस कोण, त्याचा फोन नंबर काय? आजारी पडल्यास दवाखाना किती लांब? आधी जाऊन आलेल्या दोन जणांशी बोलणे करून द्याल का? हेच प्रश्न मुलासाठीही विचारा. जी संस्था उत्तरे द्यायला कचरते, तिच्याकडे लेकरू सोपवू नये.

नजर कशी असावी?

'आफ्रिकेत जातो' म्हटले की आपल्याच घरात कोणी म्हणते, "त्या काळ्या लोकांत?" लग्नाची मुलगी पाहताना रंग पाहणारे आपण! दिल्लीजवळ ग्रेटर नोएडात २०१७ साली आफ्रिकन विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केली. आपल्या देशाला तो डाग लागला. आपल्या परंपरेने मात्र वेगळी दिशा दाखवली आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतल्या निग्रोंना दास्यातून मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केला. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहिले आणि ड्यू बॉईस यांनी उत्तर दिले. तेच ड्यू बॉईस आयुष्याच्या अखेरीस घानात राहिले आणि १९६३ मध्ये तिथेच वारले.

तेव्हा आपण तिथे गेलो तर कोणाचा उद्धार करायला नव्हे. उद्धार करायला आलेल्या माणसाची नजर कशी असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? तीच नजर आपल्या डोळ्यांत येऊ देऊ नये. शेजारी म्हणून जावे, त्यांची भाषा शिकावी आणि त्यांच्या गुरुजींना पुढे ठेवावे.

सुरुवात इथून

जायचे आहे त्याने पहिले काम इथेच करावे. २०२२ च्या 'असर' पाहणीत देशातल्या ग्रामीण भागात पाचवीतल्या शंभरांपैकी जेमतेम त्रेचाळीस मुलांना दुसरीचा मजकूर वाचता आला. उरलेली सत्तावन्न मुले कुठे आहेत? आपल्या गल्लीत, तांड्यावर, बंदी भागातल्या वाड्यांवर आहेत. कापूस वेचणीला आईमागे जातात, दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्यांबरोबर जातात आणि परत येतात तेव्हा अक्षर विसरलेली असतात.

समाजमंदिरात किंवा विहारात रोज संध्याकाळी दीड तास वर्ग घ्या. पंधरा-वीस मुले. पहिल्या दिवशी एकेकाची तोंडी परीक्षा घेऊन वहीत नोंद करा. चाळीस दिवस खाडा न करता चालवा आणि शेवटी पुन्हा परीक्षा घ्या. एक धोका सांगून ठेवतो. उत्तर प्रदेशात जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली गावातल्या तरुणांनी असे फुकट वर्ग चालवले. जी मुले आली ती वाचायला शिकली. पण ज्यांना गरज होती त्यांतली फार थोडी आली. म्हणून वर्ग उघडून वाट पाहत बसू नका. घरी जा, आईला भेटा, लेकराला हाताला धरून आणा. तांड्यावरची मुले असतील तर गोरमाटी बोलणारी एखादी ताई सोबतीला घ्या.

ती वही जपून ठेवा. किती मुले होती, कोण कुठल्या पायरीवर होते, कोण कुठे पोचले, हे तुमच्या हस्ताक्षरात त्यात असेल. उद्या कोणत्याही संस्थेपुढे मुलाखतीला बसलात तर ही वही पदवीच्या कागदाइतकीच बोलेल. संस्थेने घेतले तर आनंदाने जा. नाही घेतले, तरी ढाणकीतली पंधरा लेकरे वाचू लागलेली असतील.

आणि आईबापांनो, पोरगा किंवा पोरगी असा वर्ग घेते म्हणाली तर "फुकट कशाला मरतोस?" असे म्हणू नका. दीड तासासाठी घरची सतरंजी द्या, दिव्याची सोय करून द्या आणि पहिल्या दिवशी शेजारचे एक लेकरू स्वतः नेऊन बसवा.